नाव कोणाचे, आवाज कोणाचा?

‘परंपरा व्यक्तीपेक्षा मोठी असते’ हे आपले लाडके विधान ‘द ड्रिफ्टर्स’ या अमेरिकन गायकवृंदाचा इतिहास वाचताना संशयास्पद वाटू लागते. १९५३ मध्ये क्लाइड मॅकफॅटरभोवती हा वृंद उभा राहिला. पुढच्याच वर्षी तो सैन्यात गेला आणि नंतर त्याने आपला हिस्सा विकला. नाव व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेलच्या हाती आले. गायक उरले ते पगारी. १९५८ मध्ये ट्रेडवेलने सगळ्यांनाच काढून टाकले आणि ‘क्राउन्स’ नावाच्या भलत्याच वृंदाला ‘ड्रिफ्टर्स’ म्हणून उभे केले.

गंमत (तिला गंमत म्हणावे का?) अशी, की या ‘तोतयां’चे ‘देअर गोज माय बेबी’ हे १९५९ चे गाणे अफाट गाजले. तंतुवाद्यांचा असा वापर रिदम अँड ब्लूजमध्ये तोवर विरळाच होता. ते गाणारा बेन ई. किंग १९६० मध्ये मोबदल्याच्या वादातून बाहेर पडला. त्याच्या जागी रूडी लुईस आला. १९६४ मध्ये ‘अंडर द बोर्डवॉक’च्या ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी लुईस मरण पावला. काम थांबले नाही. ते गाणे जॉनी मूरने गायले.

‘लेखकाचा मृत्यू’ आपण वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवतो. येथे मात्र गायक पुसला गेल्याने वाचक-श्रोत्याचा जन्म वगैरे काही झाला नाही. नफा तेवढा मालकाचा झाला. गाणी उत्तम आहेत हा त्या व्यवहाराचा बचाव होऊ शकत नाही. किंबहुना या साऱ्याला ‘अखंड परंपरा’ म्हणणारा समीक्षक नकळत ट्रेडवेलचीच खातेवही वाचत असतो. सुरुवातीच्या तबकड्यांवर वृंदाच्या नावाआधी मॅकफॅटरचे नाव तरी छापलेले असे. किंग, लुईस आणि मूर यांच्या वाट्याला तेही आले नाही.