'एकच ओढतो' म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक गृहस्थ आले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी, वय चाळिशीच्या आसपास. चप्पल काढून त्यांनी उजवा पाय पुढे केला आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी याच पायाचा अंगठा काढावा लागला होता. आता शेजारचे बोट काळे पडू लागले होते. मी विचारले, "विडी पुन्हा सुरू झाली का?" त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दीड वर्ष हात लावला नव्हता, डॉक्टर. पुतणीच्या लग्नात पाहुणे म्हणाले, आजच्या दिवस एकच ओढा. तेव्हापासून पुन्हा तेच."

वाचकहो, या दुखण्याला बर्जरचा आजार म्हणतात. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होतात, रक्त पुढे जात नाही आणि बोटे काळी पडतात. हा आजार बहुतेक तंबाखूचे व्यसन असलेल्या तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांनाच होतो. तंबाखू पूर्ण बंद करणे हाच तो थांबवण्याचा खात्रीचा मार्ग. पूर्ण म्हणजे पूर्ण. दिवसाला एक-दोन विड्याही हा आजार धगधगत ठेवायला पुरतात.

मी त्या गृहस्थांना रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकारच नव्हता. कारण मी स्वतः याच वाटेने गेलेला माणूस आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात असताना रात्रीच्या ड्युटीत मला सिगारेट लागली, ती सोळा वर्षे राहिली. मग एकदाची सोडली. सात महिने मी एकही ओढली नाही. त्यानंतर एका जवळच्या मित्राचे वडील गेले. स्मशानात अग्नी दिल्यावर आम्ही चौघे-पाच जण बाजूच्या कट्ट्यावर बसलो. कोणीतरी पाकीट पुढे केले. मनात आले, सात महिने झाले, आता आपण जिंकलो, एकाने काय होणार? खरे सांगतो, ती सिगारेट चांगलीही लागली नाही. डोके गरगरले. पण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तिची आठवण झाली. दोन दिवसांनी एकाकडून मागून घेतली. आठवड्याने टपरीवरून सुटी घेतली. महिना भरायच्या आत पाकीट खिशात आले. ते पुन्हा खिशातून जायला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत मी रुग्णांना विडी सोडायला सांगत होतो आणि त्यांना माझ्याच तोंडाचा वास येत होता.

असे का होते? धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. रोजच्या सवयीने मेंदू त्यासाठी जास्त जागा तयार करून ठेवतो. सिगारेट बंद केली की त्या जागा रिकाम्या पडतात आणि चिडचिड, बेचैनी, झोप उडणे, लक्ष न लागणे हे सगळे सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. आपल्याला वाटते, सुटलो. पण शरीराची सवय गेली तरी मनाची सवय दबा धरून बसलेली असते. जेवणानंतरची विडी, पावसातली सिगारेट, भांडण झाल्यावरचा झुरका, चार मित्र जमले की पेटणारी काडी, या जोड्या मेंदूत वर्षानुवर्षे घट्ट झालेल्या असतात. त्यामुळे सहा महिन्यांनीसुद्धा एखाद्या लग्नात, एखाद्या मयतीला तलफ अचानक उसळून येते. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, सोडणाऱ्याने दोन नियम पाळावेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला नियम ओढण्याच्या आधीचा. 'एकच' अशी काही गोष्ट नसते. ज्याला वीस ओढायची सवय होती, त्याच्यासाठी एक म्हणजे एकविसाव्याची सुरुवात. दुसरा नियम चुकून ओढली गेल्यानंतरचा. तेव्हा मात्र ती एकच होती असे म्हणा आणि तिथेच थांबा. 'आता मोडलेच, तर मोडू दे' या विचाराने जितकी माणसे पुन्हा व्यसनात गेलेली मी पाहिली, तितकी तलफेने गेलेली पाहिली नाहीत. एकादशीला चुकून दाणा तोंडात गेला म्हणून कोणी लगेच मटणाचे ताट वाढून घेत नाही. सात महिने सोडलेले वाया गेलेले नसतात. आपण कुठे घसरतो हे त्यातून कळते. मी मयतीला घसरलो. दुसऱ्या खेपेला मी मयतीला जाताना खिशात लवंग ठेवू लागलो आणि पाकीट निघाले की उठून लाकडे रचणाऱ्यांच्या मदतीला जाऊ लागलो.

तलफ आली की काय करावे? ती लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. जागा सोडा, भांडेभर पाणी सावकाश प्या, बडीशेप किंवा लवंग चघळा, दहा दीर्घ श्वास घ्या, कोणाशी तरी बोला. पहिले काही आठवडे टपरीवरचा चहा टाळून घरचा घ्या. दारूच्या बैठकीला तर अजिबात बसू नका, कारण दोन घोट पोटात गेल्यावर निश्चय पातळ होतो. घरातली काड्यापेटी, रक्षापात्र, लपवलेले पाकीट टाकून द्या. आणि विडी सुटावी म्हणून मशेरी किंवा तंबाखूचा बार लावू नका. ते घर सोडून ओसरीत राहण्यासारखे आहे. निकोटिन तेच, आणि तोंडाचा कर्करोग पदरी.

ज्यांना दिवसाला दहा-वीसची सवय आहे त्यांनी नुसत्या मनोधैर्यावर अवलंबून राहू नये. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरून ठेवायचा आणि चुणचुण कमी झाली की पुन्हा थोडा चावायचा. गरज पडल्यास डॉक्टर गोळ्याही देतात. सिगारेट-विडीच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

"आता पन्नाशी उलटली, सोडून काय उपयोग?" असे अनेक जण विचारतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांचीच पन्नास वर्षे नोंद ठेवली. २००४ साली निष्कर्ष आला. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. पण ज्यांनी तिशीत सोडली त्यांची जवळजवळ सगळी दहा वर्षे परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनासुद्धा तीन. नातवाची मुंज बघायला तीन वर्षे पुष्कळ होतात.

आता थोडे न ओढणाऱ्यांशी आणि ओढायला लावणाऱ्यांशी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात सुटी सिगारेट-विडी विकायला २०२० मध्ये बंदी आली. तरी आपल्या लग्नाच्या मांडवात तबकात पान-सुपारीबरोबर सिगारेटी मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. मधुमेह असलेल्या पाहुण्याने जिलेबी नको म्हटले तर आपण समजून घेतो. मग विडी सोडलेल्याला "काय बायकोला भिता का?" म्हणून का डिवचतो? त्याने दीड वर्ष कमावलेले आपण एका थट्टेत उधळतो. त्या गृहस्थांच्या पायाचे बोट ज्या पाहुण्यांनी आग्रह केला त्यांना दाखवावे असे मला त्या दिवशी फार वाटले. पाहुणचाराच्या नावाखाली असला आग्रह करणे आपण बंद केले पाहिजे.

त्या गृहस्थांना मी मोठ्या रुग्णालयात पाठवले आहे. बोट वाचेल की नाही हे आज सांगता येत नाही. जाताना त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आता पुन्हा सुटेल का हो?" मी म्हटले, "दीड वर्ष सोडली होती ना? म्हणजे तुम्हाला सोडता येते. आजपासून पुन्हा मोजायला लागा." त्यांनी खिशातला विड्यांचा कट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. काडेपेटी मात्र खिशातच राहिली होती. ती त्यांच्या पत्नीने काढून घेतली.