शिवराई घासू नका, पण वाऱ्यावरही सोडू नका
तांब्याच्या जुन्या नाण्याला हातच लावायचा नाही, हा संग्राहकांचा दंडक मला कोकणात राहून मान्य करता येत नाही. मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त काळ शिवराया जमवल्या. इथल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याचं काय होतं, ते दर पावसाळ्यात बघत आलो आहे.

दंडकामागचं कारण मात्र खरं आहे. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने पुष्कळदा सगळी अक्षरं एका नाण्यावर उतरतच नाहीत. जे उतरलं त्यातलं अक्षराचं वळण, एखादी वेलांटी, कडेची बिंदूंची माळ यांवरून अभ्यासक नाण्याचा प्रकार ठरवतात. आता देव्हाऱ्यातली शिवराई पाहा. सणासुदीला चिंच लावून पिढ्यान्‌पिढ्या घासलेली. त्यामागच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण अनेकदा तिच्यावर ‘छत्र’ उरतं आणि ‘पति’ शोधावं लागतं. वरचा काळपट तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. धातू आणि हवा यांच्यातून तो वर्षानुवर्षं तयार झालेला असतो, आणि गंजलेल्या नाण्यात अक्षरांची मूळ कड बरेचदा त्या थरातच शिल्लक असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल तो थर विरघळवतं आणि खाली खड्डे पडलेलं गुलाबी तांबं उघडं पडतं. जुन्या बाजारात अशी लखलखीत शिवराई जास्त भावाने विकतात, याचा मला मनापासून राग येतो.

पण सगळं हिरवं सारखं नसतं. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर नाण्याला धरून बसलेला असतो. त्याला तसंच राहू द्यावं. फिकट हिरवी भुकटी, जी बाभळीच्या काट्याने टोकरताच झडते आणि काही दिवसांत त्याच जागी पुन्हा उगवते, ती जिवंत कीड समजावी. मातीतून, खाऱ्या हवेतून किंवा हाताच्या घामातून आत गेलेल्या क्लोराइडचं तांब्याशी क्युप्रस क्लोराइड होतं. ओल आणि प्राणवायू मिळाले की त्यातून ही भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल पुन्हा तांबं खातं, पुन्हा क्लोराइड होतं. संवर्धक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, पण तो निव्वळ तांब्यालाही होतो. असं नाणं ‘जसं आहे तसं’ ठेवणारा माणूस ते जपत नसतो.

तिथे उपचार करायलाच हवा, आणि तो डागापुरता. भिंगाखाली भुकटी कोरून काढावी. मग नाणं शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावं आणि पाणी बदलत राहावं. काढलेल्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि पांढुरकं गढूळ दिसलं, तर क्लोराइड अजून निघतंय. दहावीच्या प्रयोगशाळेतली ही चाचणी इथे फार कामाची आहे. शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवून नाणं पूर्ण कोरडं करावं. हट्टी रोगाला बेंझोट्रायझोल लागतं. ते विषारी असल्यामुळे घरी वापरू नये, संवर्धकाकडे जावं. डाग मागे राहील, आणि तो राहू द्यावा.

यातलं बरंचसं टाळताही येतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं आणि नाण्याला हिरवा चिकटा येतो, तरी अल्बम त्याच पाकिटांचे भरलेले असतात. ती आजच बदलावीत. पॉलिस्टरची पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल ठेवावं. जेल ओलावलं की तापवून पुन्हा कोरडं करावं.

विक्रेत्यांना आणि संग्राहक मित्रांना माझं एकच सांगणं आहे: उपचार केलेल्या नाण्यासोबत काय केलं, कधी केलं, याची चिठ्ठी आणि आधीचा फोटो द्या. ज्याच्यासोबत ती नाही आणि जे उगाच चमकतंय, ते मी विकत घेत नाही.