आपोआप धार लागणारा चाकू

चारकोपच्या एका भगिनी विचारतात, आपोआप धार लागणारा खिशांतील चाकू घ्यावा काय? त्यांत जादू नाहीं. म्यानांत बसविलेला कठीण तुकडा, चाकू काढतांना, पात्याचें पोलाद किंचित् खरवडतो. धार टिकते, पण गरज नसतांही पातें झिजतें. बोथट चाकू निसटून बोट कापतो, म्हणून ज्यांस धार लावण्याचा कंटाळा त्यांस तो बरा. परंतु १९८५ च्या जागतिक बँकेच्या साहाय्याच्या योजनेंतून वसलेल्या चारकोपांतील लहान घरांत प्रत्येक वस्तूनें आपली जागा सार्थ करावी. तेव्हां साधा चाकू व धार लावण्याचा दगड घ्यावा. त्याच दगडानें विळीसही धार येईल, आणि घरांतील मुलें वडिलांकडून तें काम शिकतील.