तबकडी की फाइल? गाण्याचा पुरावा कोण जपतो

#थ्रेड

१/
ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर जिथे रासायनिक कारखाने होते, तिथे आता निवासी मनोरे उभे आहेत. अशा नव्या दिवाणखान्यांत टर्नटेबलला पुन्हा मानाची जागा मिळू लागली आहे. दुसरीकडे, जुने घर पाडायची वेळ आली की माळ्यावरच्या तबकड्या भंगारवाल्याकडे जातात. ‘व्हायनिल सरस की डिजिटल?’ हा वाद या दोन दृश्यांच्या मध्ये उभा आहे. तो बहुधा कानाच्या सुखापुरता मांडला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्याला वेगळा प्रश्न विचारायला हवा: गाण्याचा पुरावा यांपैकी कोण जपतो?

२/
आधी मोजमापाचा कौल. सर्वांत हलका आणि सर्वांत मोठा आवाज यांतले अंतर एलपीवर साधारण ७० डेसिबलपर्यंत जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ते सुमारे ९६ डेसिबल असते. सीडी दर सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे नोंदवते. माणसाला ऐकू येणारी, म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने तेवढ्यात मावतात. एलपीवर मात्र सुई केंद्राकडे सरकते तसे विरूपण वाढते आणि प्रत्येक वादनागणिक चर थोडा झिजतो. निव्वळ ध्वनीच्या अचूकतेचा निकाल डिजिटलच्या बाजूने लागतो. व्हायनिलची ‘ऊब’ ही आवड आहे. आवडीला हरकत नाही. तिला पुरावा म्हणू नये.

३/
व्हायनिलच्या पुनरागमनात एक विसंगतीही आहे. आज निघणाऱ्या पुष्कळ एलपी डिजिटल मूळप्रतीवरूनच कापल्या जातात. अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी अॅनालॉग फितींवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी नावाजलेली. तिच्याही प्रक्रियेत डिजिटल टप्पा असल्याचे २०२२ साली उघड झाले. तोवर भल्याभल्या जाणकारांच्या कानांनी त्या एलपींची वाखाणणी केली होती. आणि ब्लूटूथने स्पीकरला जोडलेले टर्नटेबल तर ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करूनच तो पुढे पाठवते.

४/
मग जुनी तबकडी टाकून द्यावी का? याचे उत्तर ठाण्याच्याच इतिहासात सापडते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट मिळाला. रामलोचन पंडितांनी उलगडलेल्या अर्थावरून त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापला गेला. अनुवादामुळे तो दानलेख दूरवर पोहोचला. पण त्यातले एखादे ग्रामनाम चुकीचे वाचले गेले असेल, तर ते अनुवादावरून कळणार नाही. त्यासाठी पत्र्यावरचे अक्षरच पाहावे लागते. वाचन हाती आले म्हणून ताम्रपट वितळवावा, असे कोणी म्हणत नाही.

५/
तबकडी हा ताम्रपट आहे. फाइल हे त्याचे वाचन. ७८ चक्रांची जुनी तबकडी मुळात व्हायनिलचीही नसते. ती लाख आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणातून घडवलेली असते, आणि जगभरच्या तबकड्यांना लागणारी बरीचशी लाख भारताच्याच जंगलांतून जात असे. तिच्या लेबलावर कंपनी, गायक, राग आणि अनुक्रमांक छापलेला असतो. लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. ध्वनिमुद्रण कोणत्या सत्रातले, याचा माग बहुधा त्या कोरीव आकड्यांवरून लागतो. १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मुंबईची संस्था ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या नियतकालिकातून अशाच तपशिलांच्या आधारे संगीताचा इतिहास मांडत आली.

६/
ओळख जपण्याची ही धडपड अगदी आरंभापासूनची आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतल्या हानोव्हर येथे, जिथल्या कामगारांना ना भाषा ठाऊक ना गायिका. गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत सांगतात, ते यामुळे उपयोगी पडे. आजच्या श्रोत्याला ती लकब वाटते. वास्तविक ती गाण्यातच कोरलेली नोंद होती. पुढच्या आवृत्त्यांत कोणी ‘अनावश्यक’ म्हणून ती छाटली, तर दस्तऐवजाचा मथळाच फाडला जातो.

७/
गतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘७८ चक्रांची’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जुनी तबकडी नेमक्या ७८ चक्रांनी मुद्रित झालेली नसे; आरंभीच्या दशकांत गती कमीअधिक होत असे. समजा, ध्वनिमुद्रण ७४ चक्रांवर झाले आणि फाइल तयार करताना तबकडी ७८ वर फिरवली. स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो: काळी एक पट्टीत गाणारा गायक पांढरी दोनच्या उंबरठ्यावर पोहोचतो. साडेतीन मिनिटांचे गाणे सुमारे ११ सेकंदांनी आटपते आणि लयही वाढते. मग त्या गायकाच्या पट्टीविषयी लेख लिहिले जातात, निष्कर्ष काढले जातात. तबकडी हाताशी असेल तर चूक सुधारता येते. एकटी फाइल ती चूक निमूटपणे पुढे नेत राहते.

८/
साफसफाईचेही तसेच. खरखर काढून टाकणारी संगणकीय प्रक्रिया खरखर आणि तंबोऱ्याचे सूक्ष्म झंकार यांत नेहमीच भेद करू शकत नाही. स्वच्छ आवृत्ती ऐकायला सुखद असते आणि ती असावीही. परंतु तिच्याशेजारी न धुतलेली मूळ प्रत नसेल, तर काय गमावले हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही.

९/
इथवर पारडे तबकडीकडे झुकले. तथापि तबकडीप्रेमींच्या भक्तीतही एक मोठा आंधळा कोपरा आहे: जे तबकडीवर आलेच नाहीत, त्यांचे काय? संगीत रंगभूमी गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. गायस्बर्ग भारतात आला तो पुढच्या वर्षी. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरीही त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. त्यांचे गाणे आज ऐकायचे, तर ते शिष्यांच्या गळ्यातूनच.

१०/
तबकडीचा दरवाजा अरुंद होता. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे, आणि कंपनीला खपाची खात्री हवी. नाट्यपद त्यात बसे, ख्याल आवळून बसवावा लागे. ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवले गायले जातात आणि ते गाणारी धवलारीण विधीचे सूत्र आपल्या हाती ठेवते. विधीबरोबर तासन्‌तास चालणारे हे गाणे त्या साच्याचे नव्हतेच. कोलशेतसारख्या गावठाणांचा श्राव्य इतिहास एलपींच्या दुकानात शोधू गेले, तर हाती फारसे काही लागणार नाही.

११/
कॅसेटने हे कुंपण मोडले. १९८०च्या दशकात स्वस्त टेपरेकॉर्डर घरोघर पोहोचला आणि ज्यांच्याकडे कंपन्या फिरकल्या नव्हत्या, तेही आवाज मुद्रित होऊ लागले. मोबाइलने उरलेसुरले अडसर दूर केले. आज एखाद्या हळदीच्या रात्री धवला चालू असताना पाच फोन उंचावलेले असतात. लोकस्मृतीच्या दृष्टीने ही डिजिटलची फार मोठी देणगी आहे. व्हायनिलच्या मोहात तिला हिणवणे हा कृतघ्नपणा ठरेल.

१२/
पण विपुलतेला नाव नसेल, तर ती धूळ होते. तो चित्रफितीचा तुकडा व्हॉट्सअॅपवरून दाबून लहान होतो आणि दहा हातांतून फिरतो. गाणारी कोण, गाव कोणते, विधी कोणता, साल कोणते, यांतले काहीच त्याच्याबरोबर प्रवास करत नाही. फोन बदलला की मूळ प्रतही जाते. १९०२ च्या तबकडीवर गायिकेचे नाव आहे. शतकानंतरच्या फाइलचे नाव म्हणजे निव्वळ आकड्यांची माळ. तंत्र पुढे गेले, नोंद मागे पडली.

१३/
नोंद कशी जपावी याचा नमुना सध्या आंतरतारकीय अवकाशात धावतो आहे. १९७७ च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली आहे. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. या केसरबाई अल्लादिया खाँ यांच्याच शिष्या. तबकडीसोबत वाजवण्याची सुई पाठवली आहे आणि ती कशी लावावी, तबकडी किती गतीने फिरवावी, हे आवरणावर आकृत्यांनी कोरले आहे. गती मिनिटाला १६⅔ चक्रे. ऐकणारा कोण असेल हे ठाऊक नसताना इतकी दक्षता घेतली गेली. नातवंडांसाठी आपण त्याच्या शतांशाने तरी घ्यावी.

१४/
म्हणून घरच्या संग्रहासाठी काही पथ्ये:
• तबकडीच्या दोन्ही लेबलांची छायाचित्रे काढावीत, मॅट्रिक्स क्रमांक टिपून ठेवावा.
• ७८ च्या तबकडीला एलपीची सुई लावू नये. तिचा चर रुंद असतो आणि तिला वेगळी सुई लागते.
• लाखेची तबकडी अल्कोहोलने पुसू नये. लाख त्यात विरघळते.
• फाइल आधी संस्काराविना, न दाबता साठवावी. खरखर काढलेली प्रत वेगळी ठेवावी.
• कोणत्या गतीने वाजवली, तेही लिहावे.
• फाइल झाली म्हणून तबकडी भंगारात देऊ नये.

१५/
आणि धवलारिणीचे गाणे फोनवर मुद्रित करणाऱ्याने गौहर जान यांच्याकडून एक धडा घ्यावा. गाणे संपल्यावर फोन लगेच बंद करू नये. गाणाऱ्या बाईंना त्यांचे नाव, माहेरचे गाव आणि हे गाणे त्या कोणाकडून शिकल्या, एवढे विचारावे आणि ते त्यांच्याच आवाजात मुद्रित करावे. दहा सेकंद लागतात. फाइलचे नाव बदलेल, फोन बदलेल, माध्यमही बदलेल; गाण्याला चिकटलेली ती दहा सेकंदे बहुधा टिकतील. घरात ऐकायला काय लावायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आवाज कोणाचा होता, हे मात्र पुढच्या पिढीला कळलेच पाहिजे.

(समाप्त)