मुलांचे कपडे आणि ग्राहक सुरक्षा : दक्षता विक्रीपूर्वीच हवी

सदोष वस्तू बाजारातून परत मागवणे ही ग्राहक संरक्षणाची महत्त्वाची तरतूद असली, तरी ती अखेरची पायरी आहे. लहान मुलांच्या कपड्यांबाबत अमेरिकेला आलेला अनुभव या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

तेथील ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोग १९७२ च्या कायद्यान्वये स्थापन झाला. मुलांच्या जाकिटांच्या गळ्याशी, टोपीला किंवा कमरेला असलेल्या नाड्या घसरगुंडीत अथवा शाळेच्या बसच्या दारात अडकून मुले दगावत असल्याचे आढळल्यावर आयोगाने १९९६ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी केल्या. १९९७ मध्ये उद्योगासाठी ऐच्छिक मानकही तयार झाले. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण घटले. मात्र नाड्या असलेले कपडे बाजारात येतच राहिले. अशा अपघातांतील २६ बालमृत्यूंची नोंद झाल्यानंतर, जुलै २०११ मध्ये आयोगाने ठरावीक मापांचे असे कपडे नियमाद्वारेच गंभीर धोक्याचे ठरवले. परिणामी, असा माल परत मागवणे आणि बंदरातच अडवणे सुलभ झाले.

बंदरावरील हा अटकाव अधिक मोलाचा आहे. थोरल्याचे कपडे धाकट्याला आणि पुढे नात्यागोत्यात दिले जातात. परतीची सूचना प्रसिद्ध होईपर्यंत कपडा मूळ ग्राहकाच्या घरी असेलच, असे नाही.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचे अधिकार त्याला आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने एका ई-वाणिज्य कंपनीला २,२६५ प्रेशर कुकरच्या ग्राहकांना कळवून ते परत घेण्याचा व रक्कम परत देण्याचा आदेश दिला. ऑनलाइन विक्रीत खरेदीदारांची नोंद असते. आठवडे बाजारात पावतीविना घेतलेल्या झबल्याचा ग्राहक शोधायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले, म्हणजेच तपासणी विक्रीपूर्वी आली. मुलांच्या कपड्यांबाबतही हाच मार्ग अधिक परिणामकारक ठरेल. तिरुपूरसारख्या केंद्रांतील निर्यातदार परदेशी निकषांची पूर्तता करतातच. तीच दक्षता देशातील बालकांच्याही वाट्याला यायला हवी. दरम्यान, गळ्याजवळच्या नाड्या काढून टाकणे हा पालकांच्या हाती असलेला सोपा उपाय आहे.