बैठकीचा निवाडा

गावकीच्या बैठकीत आरंभी कोणीही बहिष्काराची भाषा काढीत नाही. एक म्हणतो, समज द्या. दुसरा म्हणतो, दंड घ्या. तिसऱ्यास वाटते, मीच मागे का राहू? रात्र सरेपर्यंत पाणी बंद, दुकान बंद, मयतीस खांदाही बंद! सकाळी एकेकास घरी गाठा. "एवढे नको होते," असे पुटपुटणारे कितीतरी भेटतील. मग हा निवाडा केला कोणी?

मोस्कोव्हिसी व झाव्हालोनी या संशोधकांनी १९६९ साली फ्रान्समधील विद्यार्थ्यांची मते चर्चेच्या आधी व नंतर नोंदविली. द गॉल यांना अनुकूल असलेले अधिकच अनुकूल झाले. अमेरिकनांविषयी प्रतिकूल असलेले अधिकच प्रतिकूल. कारण उघड आहे. एकाच कलाची माणसे जमली की एकाच बाजूची कारणे कानी पडतात, आणि निष्ठेत आपण उणे नाही हे दाखविण्याची चढाओढ लागते.

महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून अंमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकेच नव्हे, बहिष्काराचा विचार करण्यासाठी सभा भरविणे हाही गुन्हा आहे. विष बैठकीतच कालवले जाते, हे कायद्याने ओळखले.

परंतु दुसऱ्यांच्या गावकीकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. बहिष्काराचे चटके सोसलेल्यांची बैठकही त्याच वाटेने घसरू शकते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडास हजारोंनी सत्याग्रहासाठी नावे दिली होती. समोर न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम होता. बाबासाहेबांनी कलेक्टरासही सभेपुढे बोलू दिले, अखेर सत्याग्रह तहकूब करविला व मिरवणूक काढली. तो भ्याडपणा होता काय? १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा दावा आपल्याच बाजूने निकालात काढला!

म्हणून बुरोंडीच्या वाडीत बैठक भरेल तेव्हा एवढे करा. चर्चेपूर्वी प्रत्येकाचे मत चिठ्ठीवर घ्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचे म्हणणे प्रथम ऐका. विरुद्ध बाजू मांडण्याचे काम एकास नेमून द्या, आणि त्यास फितूर म्हणू नका. निर्णय त्याच रात्री घेऊ नका. एकजूट हवीच, पण एकट्या माणसास चिरडून केलेली एकजूट ही जुन्या गावकीचीच नवी आवृत्ती होय.