चिन्ह कुकर, पक्ष कुठला?

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उळवी-जोयडा भागातला उमेदवार कुकर, रिक्षा नाहीतर शिलाई यंत्राचे चिन्ह घेऊन दारात येतो. कमळ नाही, हात नाही. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याने ग्रामपंचायत पक्षाविना ठेवली, तालुका आणि जिल्हा पंचायतीला मात्र पक्षचिन्हे राहिली. त्याआधी १९८७ मध्ये मंडल पंचायतीसुद्धा पक्षाच्या नावावर लढवल्या गेल्या होत्या.

पक्ष नसल्याचा फायदा खेड्यात लगेच कळतो. दोन घरांत सोयरीक आहे, ती मतपेटीपायी तुटत नाही. बाईमाणसाला तिकिटासाठी हल्याळ-कारवारच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, आणि निम्म्या जागा तर स्त्रियांच्याच आहेत.

पण पक्ष खरोखरच नसतो का? डिसेंबर २०२० च्या निकालानंतर पक्ष आपापल्या ‘समर्थकां’चे आकडे सांगत होते. मतपत्रिकेवर नाव नाही, पण पैसा आणि माणसे त्यांचीच. मतदार कन्नडमध्ये हळूच विचारतो, ‘याव पक्ष?’ उत्तर मिळते, पण ते छापील नसते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने यावर वेगळा मार्ग काढला. २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी कौल देऊन प्राथमिक फेरी सर्वांना खुली केली. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, मत कोणीही कोणालाही द्यावे. पहिले दोघे, एकाच पक्षाचे असले तरी, नोव्हेंबरात समोरासमोर. मात्र नावापुढे उमेदवाराला आपल्या पसंतीचा पक्ष लिहिता येतो. म्हणजे पक्षाची परवानगी लागत नाही, पण ओळखही लपत नाही. मला हे आपल्यापेक्षा सरळ वाटते. (अध्यक्षपद, अर्थात, तिथेही या नियमाबाहेर आहे.)

नुसता पक्ष काढून टाकला की गाव शुद्ध होते, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव २ कोटींच्या वर गेला, तोही मंदिराच्या नावाने. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूकच रद्द केली. तिथेही मतपत्रिकेवर पक्ष नव्हताच. ‘बिनविरोध’ या शब्दाला आपल्याकडे उगाच फार मान आहे.

आमच्याकडे बायका मात्र एक गोष्ट बारकाईने बघतात: उमेदवार कुणाच्या गाडीतून उतरला.